‘काठ माझा, पाणी माझं’ म्हणणाऱ्यांना

उन्हाळा लागला की खानदेशात पांझरा-गिरणा नद्यांच्या काठाला एक मेसेज फिरायला लागतो. नदीकाठच्या शेतकऱ्याला हवं तेवढं पाणी उपसायचा हक्क १८८२च्या कायद्याने दिलाय, आपली पाणीवाटपाची जुनी फड पद्धतही तेच सांगते, विहिरीला तर विचारायचं कामच नाही आणि धरणातून सुटलेलं पाणी ज्याच्या शिवारातून जाईल त्याचं.

१८८२चा इझमेंट ॲक्ट, म्हणजे जमीन-पाण्याच्या वापराच्या हक्कांचा कायदा, खरा आहे. त्याच्या सातव्या कलमात काठच्या मालकाला पिण्यासाठी, घरासाठी, गुरांसाठी आणि त्याच जमिनीच्या भिजवणीसाठी पाणी घेता येतं. पण भिजवणीला लागूनच अट आहे : तसाच हक्क असलेल्या दुसऱ्या काठकऱ्याचं नुकसान होता कामा नये. मेसेज लिहिणाऱ्याने नेमकी तीच गाळली. नदीच्या पाण्याचं नियमन सरकारने करायचा अधिकार हाच कायदा दुसऱ्या कलमात शाबूत ठेवतो. आणि जमीन महसूल संहिता, १९६६ : कलम २०प्रमाणे नदीनाल्याचं पात्र आणि वाहतं पाणी सरकारच्या मालकीचं. सातबारा बांधापाशी संपतो.

फडाचं नाव घेतलेलं मला सगळ्यात जास्त लागलं. साक्री-धुळ्याकडे पांझरेवर बंधारे बांधून आपल्या पूर्वजांनी पाटस्थळ, म्हणजे पाटाने भिजणारं शिवार, उभं केलं. गावाच्या भिजवणीच्या जमिनीचे तीन-चार फड, म्हणजे भाग, एका फडात एकच पीक, बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी. पाणी द्यायचा पाटकरी. शेतकऱ्याने स्वतः बारं, म्हणजे पाटातून शेतात पाणी घ्यायचं तोंड, फोडायचं नाही. पाणी कमी असलं तर एखादा फड कोरा सोडायचा, म्हणजे झळ सगळ्यांना सारखी. यात ‘माझा काठ’ कुठे बसतो, भाऊ?

विहिरीचंही तसंच. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेता येत नाही, ही अट १९९३च्या कायद्यापासून आहे.

राहिलं धरणातून सुटलेलं पाणी. उन्हाळ्यात ते पिण्यासाठी म्हणून, खालच्या गावांच्या नावाने सुटतं. काठावरचं पीक डोळ्यांदेखत जळतं, ते दुःख मला कळतं. माझाही ऊस वाळलाय. पण आमच्या खालच्या गावात बाया चार दिवस हंडे घेऊन पात्रात उतरत होत्या. “पानी उनं का?” – पाणी आलं का – एवढंच एकमेकींना विचारायच्या. रात्री वरच्या अंगाला पाणी उपसणाऱ्या मोटारींचा आवाज यायचा. पाचव्या दिवशी वाळू ओली झाली, झिऱ्यात वाटीभर पाणी साचलं. धार आलीच नाही.