पानं कोणी गोळा करायची?

५ जुलै २०२५ ला वरळीत उद्धव आणि राज ठाकरे एका मंचावर आले, तेव्हा आमच्या घरचा व्हॉट्सॲप ग्रुप दिवसभर धडधडत होता. पहिलीपासून हिंदी आणणारे शासननिर्णय त्याआधीच मागे घेतले गेले होते, तरी जल्लोष आणि भांडण दोन्ही जोरात. मामा म्हणाले, मराठी वाचली. चुलतभाऊ म्हणाला, एआयच्या जमान्यात भाषा-बिषा कशाला घेऊन बसलात, सगळ्याचं भाषांतर आपोआप होईल. मी तेव्हा युगांडाच्या राजधानीत, कंपालात, मकेरेरे विद्यापीठाच्या एआय लॅबमध्ये काम करत होते आणि मला दोघांचंही पटत नव्हतं. आपोआप काही होत नाही. त्याआधी कुणाला तरी हजारो वाक्यं माईकसमोर वाचावी लागतात, आणि दुसऱ्या कुणाला तरी ती ऐकून बरोबर-चूक ठरवावी लागतात.

लुगांडाच्या बाबतीत ते काम झालं आहे. लुगांडा ही बागांडा समाजाची भाषा; २०१४ च्या युगांडाच्या जनगणनेत हा समाज साधारण ५५ लाखांचा. मराठी मातृभाषा सांगणारे आपण २०११ मध्येच ८ कोटी ३० लाखांच्या घरात होतो. आता मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’ या खुल्या आवाजसंग्रहात दोन्ही भाषा शोधा. लुगांडाचं ध्वनिमुद्रण शेकडो तासांचं आहे, मराठीचं शंभर तासांच्याही आतलं. लुगांडाला कुणी अभिजात दर्जा दिलेला नाही. तिथे तर २००७ च्या अभ्यासक्रमानुसार पहिल्या तीन इयत्ता स्थानिक भाषेत आणि चौथीपासून इंग्रजी; कंपालातल्या बहुतेक शाळा ती तीन वर्षंही पाळत नाहीत. म्हणजे शाळेच्या धोरणात आपण त्यांच्यापेक्षा कितीतरी बरे आहोत. तरीही आवाज त्यांचा नोंदला गेला.

इथे कुणी म्हणेल की मी एकच संग्रह पाहून बोलते आहे. बरोबर आहे. मद्रास आयआयटीच्या एआयफोरभारत गटानं बावीस अनुसूचित भाषांत बोलणं गोळा केलं आहे, त्यात मराठी आहे. बंगळुरूच्या आयआयएससीचा जिल्ह्याजिल्ह्यातून आवाज जमवणारा ‘वाणी’ प्रकल्प आहे, केंद्राचं ‘भाषिणी’ २०२२ पासून चालू आहे. मराठी अगदी उघड्यावर पडलेली नाही. पण ही कामं चेन्नईत, बंगळुरूत आणि दिल्लीत ठरतात. त्यांचं मराठीवरचं प्रेम मी नाकारत नाही. माझा प्रश्न साधा आहे, की पुणे, नागपूर किंवा संभाजीनगरच्या विद्यापीठातल्या एखाद्या खोलीचं नाव या कामाशी जोडलं जावं असं आपल्याला वाटतं तरी का?

मकेरेरेत ती खोली आहे. विद्यापीठ १९२२ चं, शहरातल्या एका टेकडीवर. लॅबनं केलेलं मला सर्वांत आवडलेलं काम रेडिओचं. युगांडात गावोगावच्या एफएम केंद्रांवर श्रोते फोन करून तास-तास बोलतात: दवाखान्यात औषध नाही, रस्ता वाहून गेला, डुकरं मरताहेत. सरकारी अहवालात येण्याआधी गोष्ट रेडिओवर येते. संयुक्त राष्ट्रांच्या कंपालातल्या पल्स लॅबबरोबर आणि दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलनबॉश विद्यापीठाबरोबर मिळून इथल्या लोकांनी या गप्पांतून नेमके शब्द हुडकणारी यंत्रणा बांधली. भाषा निवडल्या लुगांडा आणि उत्तरेतली अचोली. अचोली घेतली हे महत्त्वाचं, कारण सगळं लुगांडातच होतं ही तक्रार युगांडात जुनी आहे. चाळीसच्या वर भाषांचा देश. राजधानीची भाषा तेवढी पुढे गेली की बाकीचे धुसफुसतात. नंतरच्या संग्रहांत लॅबनं रुन्यांकोरे-रुकिगा आणि लुमासाबाही घेतल्या.

हे ऐकताना मला अकोला आठवायचं, माझं गाव. आमच्या आजीला मोबाइलशी मराठीत बोलायला सांगितलं तर ती बोलते वऱ्हाडीत, आणि मोबाइल गोंधळतो. मग ती आवाज चढवते, जणू तो बहिरा आहे. मराठी वाचवायची म्हणताना आपण कुठली मराठी मोजतो हे कुणी विचारत नाही. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी बोलणाऱ्यांनी मोर्चाला यायचं आणि यंत्रानं ऐकायचं मात्र सदाशिव पेठेचं.

आता शेती. महाराष्ट्रात सध्या दुसरा विषय तोच. जून २०२५ मध्ये राज्यानं कृषी-एआय धोरण मंजूर केलं, ५०० कोटींची तरतूद केली. बारामतीच्या उसाचे व्हिडिओ तर मला कंपालातही चार जणांनी पाठवले. केंद्राच्या इंडियाएआय मिशनला त्याआधी, मार्च २०२४ मध्ये, १०,३७२ कोटी मंजूर झाले होते. आकडे मोठे आहेत आणि मला त्यांचं वावडं नाही. पण मकेरेरेतलं कसाव्याचं काम जवळून पाहिल्यावर या आकड्यांमागे शेतातून गोळा केलेलं पहिलं पान कुठलं, असा प्रश्न पडायला लागतो.

कसावा म्हणजे आपण उपवासाला खातो त्या साबुदाण्याचं मूळ. युगांडात तो उपवासाचा नाही, रोजचा, गरिबाच्या ताटातला. त्याला दोन विषाणूजन्य रोग छळतात. मोझॅकमध्ये पान आक्रसतं, पिवळं पडतं, शेतकऱ्याला लगेच कळतं. दुसरा, तपकिरी चट्ट्यांचा रोग, लबाड आहे: पानं जवळजवळ ठणठणीत दिसू शकतात आणि खणल्यावर आत कंद सडलेला निघतो. दोन्ही पांढरी माशी पसरवते. लॅबच्या लोकांनी साध्या मोबाइलवर काढलेले पानांचे फोटो जमवले, नामुलोंगेच्या पीक संशोधन संस्थेतल्या तज्ज्ञांनी एकेका फोटोवर रोगाचं नाव लिहिलं. त्यातले २१,३६७ फोटो २०२०-२१ मध्ये कॅगल या डेटा-स्पर्धांच्या संकेतस्थळावर जगापुढे ठेवले गेले आणि हजारो संगणकवाल्यांनी त्यावर डोकं लढवलं. आज जगात कुठेही कुणी वनस्पतिरोगाचं मॉडेल शिकायला बसलं तर ही पानं त्याच्या हाताखालून जाण्याची शक्यता मोठी.

पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. ज्या रोगात पान काही सांगतच नाही, तिथे फोटो काय करणार? हे कळलं ते शेतात गेल्यामुळे. मग त्यांनी डोळ्याला न दिसणारा पानाचा वर्णपट मोजून लक्षणं उमटण्याआधी रोग ओळखता येतो का, हे तपासायला घेतलं. प्रश्न जमिनीतून आला, यंत्र त्याच्यामागून. हवेच्या प्रदूषणाचंही तसंच. २०१५ च्या सुमारास सुरू झालेल्या ‘एअरक्यूओ’ प्रकल्पानं परदेशी महागडी यंत्रं न मागवता धूळ, ऊन आणि जाणारी-येणारी वीज सोसतील अशी स्वस्त यंत्रं इथेच बनवली आणि त्यातली काही चक्क बोडा-बोडांवर, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलींवर, बसवून शहरभर फिरवली. त्याचे प्रमुख प्राध्यापक इंजिनिअर बायनोमुगिशा; इंजिनिअर हे त्यांचं पद नव्हे, पहिलं नाव आहे. मला हे कळायला बरेच दिवस लागले.

आपल्याकडे असं कुणी करत नाही, असं मुळीच नाही. मुंबईच्या वाधवानी एआयनं कामगंध सापळ्यात अडकलेल्या पतंगांचा फोटो काढून गुलाबी बोंडअळीचा अंदाज सांगणारं ॲप कापसासाठी तयार केलं, आणि ते काम कसाव्याच्या तोडीस तोड आहे. फरक कुठे पडतो, तर मकेरेरेत विद्यापीठ मध्यभागी आहे. एमएस्सीची पोरं ते करतात, त्यावर प्रबंध लिहितात, पुढची तुकडी तिथून पुढे जाते. आपली चार कृषी विद्यापीठं, राहुरी, अकोला, परभणी, दापोली, या चर्चेत फक्त उद्घाटनाच्या फोटोत दिसतात.

मकेरेरेला मखरात बसवायचा माझा इरादा नाही. लॅबचा पैसा बहुतांश बाहेरचा, गूगलपासून परदेशी निधींपर्यंत. अनुदान संपलं की प्रकल्प रोडावतो, आणि तयार झालेली माणसं मोठ्या कंपन्या उचलतात. गूगलनं २०१९ मध्ये घानात, अक्रात एआय केंद्र काढलं तेव्हा तिथे गेलेल्यांत मकेरेरेची माणसं होती. जानेवारी २०२१ च्या निवडणुकीत सरकारनं देशाचं इंटरनेटच बंद केलं. २०२१ पासून डेटा पॅकवर १२ टक्के कर आहे. विद्यार्थी मॉडेल उतरवून घ्यायला रात्रीचा स्वस्त पॅक धरून बसतात. परिषदांना जायचं तर व्हिसा. २०१८ मध्ये माँट्रियलच्या एआयच्या मोठ्या परिषदेला निघालेल्या कितीतरी आफ्रिकी संशोधकांना कॅनडानं व्हिसा नाकारला होता. त्याआधीच, २०१७ मध्ये, जोहान्सबर्गमध्ये ‘डीप लर्निंग इंदाबा’ ही आफ्रिकेची स्वतःची परिषद सुरू झाली होती. २०२५ मध्ये ती किगालीत भरली. व्हिसाच्या रांगेत उभं राहून वैतागलेल्या भारतीयाला हे समजावून सांगावं लागत नाही.

आणि मालकीचा प्रश्न त्यांनाही सुटलेला नाही. सगळं खुलं केलं की ते सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त वापरतात ज्यांच्याकडे मोठे संगणक आहेत ते. शेतकऱ्यानं पान दिलं, विद्यार्थ्यानं आवाज दिला, उत्पादन विकलं तिसऱ्यानं. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया विद्यापीठातल्या मंडळींनी यावर ‘न्वुलिते ओबोडो’ नावाचा परवाना तयार केला आहे: विकसनशील देशांतल्या वापरणाऱ्यांना सैल अटी, बाकीच्यांनी काहीतरी परत द्यायचं. तो न्यायालयात टिकेल का, मोठ्या कंपन्या जुमानतील का, यावर जेवणाच्या सुट्टीत कडाक्याचे वाद होतात. मी बंद कुलपापेक्षा खुल्याच्या बाजूची, पण हा वाद हवाच. मराठी आवाज कुणी कुणाला कुठल्या अटीवर दिला, यावर एखाद्या तरी साहित्य संमेलनात अर्धा तास खर्च झालेला मला ऐकायचा आहे.

तोवर एक गोष्ट आपल्याला लगेच जमण्यासारखी आहे. २००८ मध्ये विदर्भात सोयाबीनवर अळ्यांचा उद्रेक झाला आणि त्यानंतर २००९ पासून राज्यात ‘क्रॉपसॅप’ हा कीड-रोग सर्वेक्षणाचा प्रकल्प चालू झाला. माणसं शेतात जाऊन सोयाबीन, कापूस, तूर यांवरच्या किडी मोजतात, नोंदी करतात. इतक्या वर्षांच्या अशा नोंदी असलेलं राज्य मकेरेरेतल्या माझ्या सहकाऱ्यांना स्वर्ग वाटेल. त्या नोंदी तालुक्यानिहाय, तारखेनिहाय एका जागी मांडा, त्यावर परवाना लिहा, आणि अकोल्याच्या किंवा परभणीच्या एमएस्सीच्या मुलीला अर्ज-विनंत्या न करता उतरवून घेता येतील अशा ठेवा. ५०० कोटींतले फार थोडे पैसे लागतील. आणि त्या मुलीला सल्ला मोबाइलवर बोलून द्यायचा असेल, तर तो आधी वऱ्हाडीत रेकॉर्ड करून घ्या.