‘बाजारपेठ वाढणार, म्हणजे उपचार मिळणार’ : लायपोडिस्ट्रॉफीविषयीच्या एका दाव्याचा प्रतिवाद

आनुवंशिक लायपोडिस्ट्रॉफी या दुर्मीळ विकारात शरीरातील मेदऊती, म्हणजे चरबी साठवणारी ऊती, जन्मापासूनच नसते किंवा वयात येताना हातापायांवरून नाहीशी होऊ लागते. या विकाराच्या उपचारांची बाजारपेठ येत्या दशकात झपाट्याने वाढेल, असे अंदाज समाजमाध्यमांवर फिरत आहेत. त्यांच्यासोबत पुढील निष्कर्षही पसरतो आहे : औषध मंजूर झालेले आहे, कंपन्यांची चढाओढ सुरू आहे, वजन घटवणारी इंजेक्शनेही आली आहेत आणि रुग्णसंख्या वाढते आहे, तेव्हा रुग्णांच्या कुटुंबांनी निश्चिंत असावे. हे वाचून एखादे कुटुंब खरोखरच स्वस्थ बसले तर त्याची किंमत घरातल्या रुग्णाला मोजावी लागेल, म्हणून हे मुद्दे एकेक करून तपासले पाहिजेत.

औषध मंजूर आहे, हे अर्धेच खरे आहे. चरबी साठवायला जागाच नसल्याने ती यकृतात, स्नायूंत आणि रक्तात साचते, आणि चरबीच्या पेशींतून स्रवणारे लेप्टिन हे संप्रेरकही कमी पडते. मेट्रेलेप्टिन ही या संप्रेरकाची कृत्रिम आवृत्ती. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नऊ रुग्णांना चार महिने लेप्टिन दिल्यावर त्यांचे ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातील चरबी, सरासरी ६० टक्क्यांनी उतरले होते. इतका फरक या विकारात क्वचितच पाहायला मिळतो आणि त्याचे मोल मी कमी लेखत नाही. मात्र अमेरिकेत २०१४ साली मिळालेली मंजुरी केवळ सर्वांगीण, म्हणजे जवळजवळ सगळ्या अंगावरची चरबी नसलेल्या, प्रकारासाठी होती. हातापायांसारख्या काही भागांतलीच चरबी जाणाऱ्या आणि तुलनेने अधिक आढळणाऱ्या अंशतः प्रकाराला युरोपात २०१८ साली मान्यता मिळाली, तीही १२ वर्षांवरील आणि नेहमीच्या उपचारांना दाद न देणाऱ्या रुग्णांपुरती. शिवाय औषधाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होण्याचा आणि लिम्फोमाचा (लसिका संस्थेच्या कर्करोगाचा) इशारा अमेरिकेतील माहितीपत्रकावर चौकटीत छापलेला आहे.

हे औषध घरी वापरणे म्हणजे काय, तेही पाहावे. ११.३ मिलिग्रॅमच्या कुपीत पांढरी भुकटी असते. तिच्यात २.२ मिलिलिटर जंतुरोधक पाणी सोडायचे, कुपी जोराने न हलवता हळूच फिरवायची, द्रावण स्वच्छ झाले की मात्रा मोजून दररोज ठरल्या वेळी त्वचेखाली टोचायची. आणि उरलेले द्रावण प्रकाशापासून झाकून फ्रीजमध्ये ठेवायचे व तीन दिवसांत संपवायचे. ज्याच्या त्वचेखाली चरबीच नाही, त्याला सुई स्नायूत जाऊ न देता हे सारे करायचे असते, आणि तेही वर्षानुवर्षे. कोणत्याही वाढीच्या दरात ही रोजची मेहनत दिसत नाही.

कंपन्यांच्या चढाओढीविषयी बोलायचे तर या रेणूचा इतिहासच पुरेसा बोलका आहे. १९९४ साली रॉकफेलर विद्यापीठातील संशोधक जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने लेप्टिनचे जनुक शोधले आणि पुढच्याच वर्षी अ‍ॅमजेन या औषधकंपनीने विद्यापीठाला २ कोटी डॉलर देऊन त्याचे हक्क घेतले. डोळ्यांसमोर स्थूलतेची अफाट बाजारपेठ होती. बहुतेक स्थूल व्यक्तींच्या रक्तात लेप्टिन मुळातच भरपूर असते, त्यामुळे तो अंदाज कोसळला. नंतर हक्क अ‍ॅमिलिनकडे गेले. २०१५ साली एजेरियनने ३२.५ कोटी डॉलरना ते विकत घेतले आणि २०१९ साली ती कंपनी दिवाळखोरीत गेली. त्यानंतर अ‍ॅम्रिट आणि २०२३ पासून किएझी. एवढ्या वर्षांत औषध तेच राहिले आणि मालक बदलत गेले. बाजारपेठेचा आकार रुपये-डॉलरमध्ये मोजला जातो, त्यामुळे एकही नवा रुग्ण न जोडता केवळ किंमत वाढवूनही तो वाढतो, हे या अंदाजांच्या वाचकाने विसरू नये. नव्या औषधांपैकी व्होलानेसोर्सेनने अंशतः प्रकारातील रुग्णांचे ट्रायग्लिसराइड चाचणीत उतरवले, पण युरोपात त्याला मान्यता मिळाली ती वेगळ्याच विकारासाठी.

वजन घटवणाऱ्या इंजेक्शनांचा मुद्दा थोडक्यात संपतो. त्यांनी भूक आणि साखर कमी होऊ शकते, परंतु नसलेली मेदऊती किंवा तिच्यातून मिळणारे लेप्टिन त्यांनी परत येत नाही.

राहिला रुग्णसंख्येचा मुद्दा, आणि माझ्या मते सर्वांत मोठा गैरसमज इथेच आहे. आनुवंशिक विकार दहा वर्षांत साथीसारखा वाढत नाही. वाढते ते निदान. जुन्या नोंदींवरून काढलेले प्रमाण दहा लाखांमागे मोजके रुग्ण असे होते, तर २०२० साली अमेरिकेतील एका मोठ्या रुग्णसमूहाच्या जनुकीय अभ्यासात ते सुमारे ७,००० मागे एक निघाले. म्हणजे बहुसंख्य रुग्ण आजही ‘साधा मधुमेह’ या नावाखाली वावरत असणार. आपल्याकडे हे झाकले जाण्याची शक्यता अधिक, कारण सडपातळ मधुमेही आपल्याला नवा नाही, पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी बारीक दिसणाऱ्या भारतीयांच्या शरीरातील लपलेली चरबी कधीच दाखवून दिली आहे. अशा गर्दीत एखाद्या बाईच्या मांड्या-पोटऱ्यांवर चरबी नाही, शिरा आणि स्नायू ठळक दिसतात, चेहरा व मान मात्र भरलेली आहे, इन्शुलिन वाढवूनही साखर हटत नाही आणि तपासणीसाठी नळीत काढलेल्या रक्ताचा वरचा थर दुधाळ दिसतो, हे सारे एकत्र जोडून पाहणारा डॉक्टर भेटावा लागतो. पुरुषांत तर ही लक्षणे अंगकाठी म्हणून सोडूनच दिली जातात.

असे चित्र दिसले, किंवा घरात स्वादुपिंडाला वारंवार सूज आलेली व्यक्ती असेल, तर अंतःस्रावतज्ज्ञांकडे जाऊन एलएमएनए आणि पीपीएआरजी या जनुकांच्या तपासणीविषयी विचारावे. अंशतः प्रकार बहुधा प्रभावी वारशाने येतो, म्हणजे प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून एकाचे निदान होताच भावंडांची आणि मुलांची साखर, ट्रायग्लिसराइड, यकृत आणि हृदय तपासून घ्यावे. कमी स्निग्ध आहार, हृदयाची तपासणी करून ठरवलेला व्यायाम, साखरेसाठी मेटफॉर्मिन आणि ट्रायग्लिसराइडसाठी फायब्रेट हे उपचार डॉक्टरांच्या सल्ल्याने आजही सुरू करता येतात.