एकट्याने मार्सी, तेही जानेवारीत!

एकट्याने स्नोशू (बर्फात पाय रुतू नयेत म्हणून बुटांखाली बांधायच्या रुंद चौकटी) घालून जानेवारीत माउंट मार्सी सर केलंत, तुमची ती पोस्ट वाचताना अंगावर काटा आला. न्यूयॉर्क राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, १६२९ मीटर, येऊन-जाऊन जवळपास २४ किमी आणि दिवस एवढासा, पण मला थंडीपेक्षा जास्त भीती वाटते ती स्प्रूसच्या (सूचिपर्णी झाडांच्या) सापळ्यांची, म्हणजे बुटक्या झाडांभोवती बर्फ वरून सपाट दिसतो आणि खाली पोकळ असतो, पाय गेला की माणूस कमरेपर्यंत आत, स्नोशू फांद्यांत अडकतो आणि ओढून काढायला सोबत कोणी नाही. तिथे ८ इंचांवर बर्फ असला की स्नोशू किंवा स्की सक्तीचेच आहेत आणि ते बरोबरच आहे, नुसत्या बुटांनी वाटेत खड्डे पडतात नि मागून येणाऱ्याचा पाय मुरगळतो. परत फिरायची वेळ आधीच ठरवली होती का? ते नक्की लिहा प्लीज.