ऊन लागलेल्याच्या अंगावर पाणी टाका, बिनधास्त टाका

'खानदेशी माणूस उन्हातच जन्मतो, त्याला ४७ डिग्रीही काही करत नाही' असा मेसेज सध्या जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर धावतोय. त्यात चार मुद्दे आहेत. आपलं शरीर उन्हाला सरावलेलं आहे. बापजाद्यांनी कूलरशिवाय दिवस काढले. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही. आणि ऊन लागलेल्याच्या अंगावर गार पाणी टाकू नका, नस फुटून लकवा मारतो. तळाशी जोडलेले हात अन् 'पुढे पाठवा'. यावलच्या मावशीने परवा तो घरच्या ग्रुपवर टाकला, वर 'आपल्याले काय होते?' असंही लिहिलं. तिच्या केळीच्या मळ्यात मे महिन्यातही माणसं राबतात, म्हणून गप्प बसवत नाही.

गार पाण्याचा मुद्दा आधी घेतो, कारण तोच जीव घेणारा आहे.

उष्माघात म्हणजे नुसती भोवळ नव्हे. शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांच्या वर जातं, माणूस बरळतो, झटके येतात, शुद्ध हरपते. मेंदू, मूत्रपिंडं, यकृत सगळ्यांवर घाला पडत असतो. अशा वेळी अंग झपाट्याने गार करणं हाच इलाज, तोही शक्यतो अर्ध्या तासाच्या आत. अमेरिकेत फाल्मथ इथे दर ऑगस्टला धावण्याची मोठी शर्यत होते. तिथे १८ वर्षांत उष्माघाताचे २७४ रुग्ण आले, सरासरी ताप ४१ अंशांच्या वर. त्यांना जागेवरच बर्फाच्या पाण्याच्या टबात बसवलं. २०१५ मध्ये हा अभ्यास छापून आला. त्यातले दगावले किती? एकही नाही. तिकडे बर्फाचं पाणी चालतं, आणि आम्ही माठातलं पाणी ओतायला घाबरायचं!

ते धावपटू होते, धडधाकट होते, हे मान्य. म्हाताऱ्या माणसाला टबात बुचकळा असं मी म्हणत नाही. त्याला सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारत राहा आणि पंख्याने, पुठ्ठ्याने, जे हाती लागेल त्याने वारा घाला. १०८ ला फोन करा, पण गाडी येईपर्यंत पाणी थांबवू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र पाणी ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. मेसेजवाल्याला भीतीच घालायची होती तर ही घालायची.

आता सरावलेलं शरीर. यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने कबूल करतो. एक-दोन आठवडे उन्हात काम केलं की घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातून मीठ कमी जातं. पण काही आठवडे गारव्यात काढले की हा सराव ओसरतो, तो जन्माचा दाखला बघत नाही. लग्नासाठी पुण्याहून भुसावळला उतरलेला खानदेशी उन्हाच्या लेखी पुणेकरच. आणि अहमदाबादची माणसं काय थंड हवेत वाढलेली होती? मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ वर गेला आणि त्या महिन्यात एरवीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. त्यानंतर, २०१३ मध्ये, त्या शहराने उष्णतेसाठी कृती आराखडा आणला. कातडीवर विसंबले नाहीत ते.

बापजाद्यांना कूलर नव्हता, खरंय. पण धाब्याचं घर होतं, हातभर जाड मातीच्या भिंती होत्या. पहाटे वावरात जायचे, दुपारी कडुलिंबाखाली पडायचे. पांझरा नदीच्या फडात, म्हणजे सामायिक पाटाच्या शेतीत, पाणी पाळीपाळीने वाटून घ्यायचे. ते टिकले ते या रीतींमुळे. आता डोक्यावर पत्रे आहेत, आणि भर दुपारी केळीची गाडी भरायची घाई आहे. शिवाय तेव्हा उन्हाने किती गेले याची नोंद कोण ठेवत होतं?

राहिला कांदा. तो बुक्कीने फोडा आणि भाकरीबरोबर खा. खिशात ठेवून शर्टाला वास येतो, बाकी काही नाही. त्यापेक्षा कैरीचं पन्हं प्या, त्यात निदान मीठ तरी असतं.