गुर्रुमुल माओरी नव्हता, आणि तबल्याचा क्लास बंद होणार नाहीये

काल मामींनी फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड परत टाकला. गिटार घेतलेला अंध गायक, खाली हात जोडलेले इमोजी, आणि मजकूर असा की हा न्यूझीलंडचा माओरी, जन्मांध, कुणाकडे काही शिकला नाही, दिसत नाही म्हणून गिटार उलटी धरायचा, 2008 साली एका गोऱ्या निर्मात्याने जंगलातून शोधून काढला आणि रातोरात स्टार झाला. शेवटची ओळ, ‘देव डोळे घेतो तेव्हा कान देतो, अशा मुलांना क्लासची गरज नसते.’ एरवी मी असलं न वाचताच पुढे जाते, पण आमच्या भाच्याला फार कमी दिसतं आणि तो तबला शिकतोय, म्हणून डोकं फिरलं.

फोटोतला माणूस जेफ्री गुर्रुमुल युनुपिंगू. माओरी नाही, न्यूझीलंडचा तर अजिबात नाही. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या एल्को बेटावरचा, योलंगू या तिथल्या आदिवासी समाजातला, 1971 चा जन्म. कोळ्याला गोंड म्हणण्यासारखं आहे हे. आणि जंगल कुठलं, समुद्रकाठचं गाव आहे ते!

आता ती उलटी गिटार. अहो तो डावखुरा होता! हाताला आलेली गिटार उजव्या हाताने वाजवणाऱ्यांसाठी तारा लावलेली, याने तारा न बदलता तीच फिरवून धरली, म्हणजे जाड तारा खाली आणि बारीक वर, आणि बोटं त्याच हिशोबाने बसवली. सगळे कॉर्ड उलटे बसवून बघा एकदा, मग सांगा मेहनत नव्हती म्हणून. दिसण्या-न दिसण्याचा यात संबंध काय? असे डोळस गिटारवाले पण आहेत.

रातोरात स्टार? 1989 च्या सुमारास, विशीच्या आतच, तो ‘योथू यिंदी’ बँडमध्ये गेला. त्यांचा ‘ट्रायबल व्हॉइस’ अल्बम 1991 चा, ‘ट्रीटी’ हे गाजलेलं गाणं त्यातलंच, आणि त्याच्या श्रेयनामावलीत हा आहे. त्या बँडमध्ये ड्रम्स, कीबोर्ड, गिटार असं काय काय वाजवायचा. मग बेटावर परत आला, ‘सॉल्टवॉटर बँड’ काढला, त्यांचा पहिला अल्बम नव्वदच्या दशकाच्या शेवटी आणि दुसरा 2004 ला. म्हणजे 1991 ते 2008, सतरा वर्षं! मायकल होनेन, ज्याला हे निर्माता म्हणतायत, तो सॉल्टवॉटर बँडच्या काळापासून त्याच्यासोबत काम करत होता. 2008 च्या सोलो अल्बमसाठी त्याने जोर लावला हे मान्य, पण शोधून काढला वगैरे काही नाही.

जन्मांध होता हे खरं. रीतसर क्लास लावला नाही, ब्रेल आणि काठी वापरली नाही, हेही खरंच असावं, सगळीकडे तसंच छापलंय. बरं मग? लहानपणी रिकामे डबे काठीने बडवत सुरुवात, मग खेळण्यातला पियानो, अकॉर्डियन, मिशनच्या चर्चमधली भजनं, आणि घरात कुळाची पारंपरिक गाणी दिवसरात्र. हातात वाद्य देणारे, सोबत गाणारे घरचेच. आपल्याकडे भजनी मंडळात मांडीला मांडी लावून बसून मृदंग शिकतो त्याला कोणी ‘काही शिकला नाही’ म्हणतं का?

आमच्या भाच्याचा बाबा रविवारी ड्रॉइंग पेपरवर जाड काळ्या मार्करने बोल लिहितो, एका ओळीत चारच, धा धिं धिं धा, आणि पोरगं कागदाला नाक लावून वाचतं, मग मागे सरून वाजवतं. तिरकिट अजून अडखळतं. कानाने ऐकून येत नाहीये ते, हात बसायला लागतोय. आणि फॉरवर्ड वाचून आजी म्हणते, क्लासचे पैसे कशाला घालवताय, त्याला देवानेच दिलंय.

मी हे सगळं ग्रुपवर टाकलं. मामींनी अंगठा पाठवला आणि खाली विचारलं, मग माओरी कोण? ते नंतर सांगते मामी, आज गुरुवार, साडेपाचला त्याला क्लासला सोडायचंय.