मानेला मान

इंदुरात ज्याची मान आखडते त्याला मान फार. रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत उभ्याउभ्या चरून यायचं, मग दोन उशांवर मान मोडून मोबाइल बघत झोपायचं. सकाळी डावीकडे बघायचं तर मी अख्खाच वळतो, अलमारी सरकवावी तसा.

मग उपचारक जमतात. पहिला हजाम. दाढी करता करता हनुवटी धरतो आणि ‘कट्ट’! तो आवाज गाठ सुटल्याचा नसतोच. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी होते, तिचा असतो. गाठ असते तिथेच. शिवाय मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला असल्या झटक्याने क्वचित इजाही होते. म्हणून नको म्हणावं, पण तोंडाला फेस असताना म्हणणार कसं?

दुसऱ्या, शेजारच्या काकू. वाटीभर कोमट तिळाचं तेल ओततात. इतक्या तेलात अंगठा नुसता घसरतो, पकड मिळत नाही. चमचाभर पुरे.

‘‘दुखतंय का रे?’’

‘‘हो!’’

‘‘मग जागा बरोबर आहे,’’ म्हणून आणखी जोर.

जागा बरोबर नसते. दुखते मान, पण चोर बऱ्याचदा खाली, खवाट्याच्या (खांद्यामागच्या चपट्या हाडाच्या) आतल्या वरच्या कोपऱ्यात दडलेला. मानेच्या वरच्या चार मणक्यांपासून निघालेला स्नायू तिथे येऊन अडकतो. आणि जोर वाढवला की स्नायू बचावासाठी उलट आवळतो. दुसऱ्या दिवशी काळंनिळं ते वेगळंच.

त्यापेक्षा टेनिसचा चेंडू लांब मोज्यात घालावा, मोज्याचं टोक खांद्यावरून पुढे धरावं (नाहीतर चेंडू घरंगळून पलंगाखाली जातो आणि मग आखडल्या मानेने वाकून शोधा). चेंडू त्या कोपऱ्यावर, पाठ आणि भिंत यांच्यामध्ये; पाय भिंतीपासून फूटभर पुढे, पाठ चेंडूवर टेकलेली. दुखणं ‘हाय’ म्हणण्याइतकं; ‘आई गं’ म्हणण्याइतकं नको. तीस ते साठ सेकंद तसंच, श्वास सोडत, चोळाचोळ नाही. असं तीनदा. मग मान दुसऱ्या बाजूला अर्धी वळवून त्या काखेकडे बघत तीस सेकंद. आधी पंधरा मिनिटं टॉवेलात गुंडाळलेली गरम पिशवी ठेवली तर काम सोपं. मणक्याच्या हाडावर आणि गळ्याशी नाडी लागते तिथे मात्र दाबायचं नाही. हाताला मुंग्या किंवा सोबत ताप असेल तर चेंडू ठेवून डॉक्टर गाठायचा.

हे सगळं नीट जमलं, मान वळलीही. वळून पाहतो तर भिंतीवर काकूंच्या तेलाचा गोल डाग आणि शेजारी आई उभी.

‘‘देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणे!’’