‘पंधरा दिवसांत नाव दिलं नाही, तर साक्षीदार गेला’: एका मेसेजचा प्रतिवाद

दिवाणी दाव्यांत अडकलेल्या लोकांमध्ये एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: मुद्दे (कोर्टाने ठरवलेले वादाचे प्रश्न) निघाल्यापासून पंधरा दिवसांत साक्षीदारांची यादी दिली नाही तर पुढे कुणालाच तपासता येत नाही, पुरावा बंदची पुरसिस (आपला पुरावा संपला असं कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन) दिली की विषय संपला, आणि उशिराच्या पुराव्याची तरतूद २००२ साली काढून टाकल्यामुळे आता कोर्टही काही करू शकत नाही. शेवटी सल्ला: ‘मुकाट तडजोड करा.’ तडजोड जरूर करा, पण या कारणांसाठी नको.

पंधरा दिवसांचा आकडा खरा आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १६ नियम १ मध्ये तो आहेच. पण त्याच नियमाचा तिसरा पोटनियम मेसेजकर्त्याने वाचलेला दिसत नाही. नाव यादीत का नव्हतं याचं पुरेसं कारण दाखवलं, तर कोर्ट कारणं नोंदवून परवानगी देऊ शकतं. शिवाय साक्षीदाराला समन्स न काढता तुम्ही स्वतःच घेऊन आलात तर नियम १-ए आहे. केवळ यादीत नाव नाही म्हणून अशा साक्षीदाराला परत पाठवता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने मांगे राम विरुद्ध ब्रिज मोहन या १९८३ च्या निकालात सांगितलं. बांधाशेजारचा शेतकरी तुमच्या शब्दावर येईल; तलाठ्याला दप्तरासह बोलवायचं तर समन्स हवं, आणि मग कारणही हवं.

खरा घोळ २००२ चा. आदेश १८ मधला नियम १७-ए म्हणजे पुरेशी दक्षता घेऊनही आधी माहीत नसलेला किंवा हजर करता न आलेला पुरावा नंतर देण्याची सोय. तो १ जुलै २००२ पासून वगळला गेला, हे बरोबर. मेसेज तिथेच थांबतो. सेलम बार असोसिएशनच्या प्रकरणात २००५ साली सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की या नियमाने नवा हक्क दिलाच नव्हता. कोर्टाकडे तो अधिकार आधीपासून होता आणि नियम गेल्यावरही राहिला. पुरसिशीचं उत्तरही यातच आलं. के. के. वेलुसामी प्रकरणात (२०११) तर पुरावा संपून युक्तिवाद सुरू होता. तेव्हा प्रतिवादीने नंतर ध्वनिमुद्रित झालेल्या संभाषणाची सीडी पुढे केली. खालच्या दोन्ही कोर्टांनी नकार दिला होता. सुप्रीम कोर्टाने कलम १५१ (कोर्टाचे अंगभूत अधिकार) खालच्या अर्जाचा नव्याने विचार करायला लावलं.

म्हणून कुणी उलट टोक गाठू नये. ‘कॉस्ट (कोर्टाने भरायला लावलेला खर्च) भरली की कुणालाही उभं करता येतं’ हेही तितकंच चूक, आणि कोर्टाच्या आवारात हे जास्त ऐकू येतं. साक्षीदाराला पुन्हा बोलावण्याचा आदेश १८ मधला नियम १७ कोर्टाला शंका दूर करता याव्यात म्हणून आहे. उलटतपासात निघालेली भगदाडं बुजवायला नाही, हे २००९ च्या वादिराज वेर्णेकर निकालात आहे. वेळकाढूपणाचे अर्ज दंडासह फेटाळावेत, असं खुद्द वेलुसामीतच म्हटलंय.

दावा कमर्शियल कोर्टात असेल तर मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे. तिथे एका पक्षाच्या सगळ्या साक्षीदारांची सरतपासाची (स्वतःच्या बाजूने दिलेल्या पहिल्या जबानीची) शपथपत्रं एकाच वेळी द्यावी लागतात. नंतर आणखी एक द्यायचं तर स्वतंत्र अर्ज, पुरेसं कारण आणि कोर्टाचा सकारण आदेश लागतो. ‘नजरचुकीने राहून गेलं’ एवढंच लिहून भागेल अशा भरवशावर तिथे जाऊ नये.